चालतंय, पण कोण चालवतंय?

जुन्या घरातल्या पाण्याच्या पाइपांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं. ‘चालतंय ना? मग कशाला उगाच हात लावायचा?’ वडीलधारे हे म्हणतात, घरमालक म्हणतात, सोसायटीच्या वार्षिक सभेत मागच्या रांगेतले काका म्हणतात. दहा वर्षं जुन्या कोडबद्दल आमच्या ऑफिसातही हेच म्हटलं जातं. ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं आणि बऱ्याचदा असतंही. पण कराडच्या आमच्या घरातली सगळी पाइपलाइन बदलायची की नाही, यावर घरात जवळपास आठ महिने चर्चा चालली. त्या चर्चेनंतर मला वाटायला लागलं, की हे वाक्य दिसतं तितकं तटस्थ नाही. ‘आहे ते राहू द्या’ हासुद्धा एक निर्णय असतो, आणि त्या निर्णयाची किंमत कुणीतरी रोज भरत असतं.

आधी पाइपाच्या आत काय होतं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

घर १९८८ सालचं. तेव्हा घरात पाणी खेळवायचं म्हणजे जीआय पाइप, दुसरा विचार फारसा कुणी करत नसे. जीआय म्हणजे पोलादी पाइप आणि त्यावर जस्ताचा थर. जस्ताचं काम असं, की आपण झिजायचं आणि आतल्या लोखंडाला वाचवायचं. हे काम जस्त वर्षानुवर्षं निमूट करतं. ते संपलं की लोखंडाची पाळी येते. गंज पाइपाच्या आतल्या बाजूला गाठीगाठींनी वाढतो, पाणी जड असेल तर त्यावर क्षारही बसतात. बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो आणि आतलं भोक लहान होत जातं. यातला फसवा भाग गणिताचा आहे. पाइपाचा आतला व्यास निम्मा झाला, तर त्याच दाबाला पाणी निम्मं येत नाही; पाचव्या हिश्श्याहूनही कमी येतं. म्हणून बरीच वर्षं काही जाणवत नाही, आणि मग थोड्याच काळात ‘हल्ली पाण्याला जोरच नाही’ असं सगळे म्हणू लागतात.

आमच्या घरात हे सुरू होऊनही सात-आठ वर्षं झाली होती. पण घर बंद पडलं नव्हतं. चालत होतं. कसं चालत होतं, हे मला एका दिवाळीच्या सुट्टीत नीट दिसलं.

सकाळी नळाला पहिलं येणारं तांबूस पाणी आई बादलीत काढून झाडांना घालायची. वरच्या बाथरूममध्ये कुणी अंघोळीला गेलं, की खाली स्वयंपाकघरातला नळ बंद ठेवायची. वॉशिंग मशीनमध्ये पाणी वेळेत भरत नसे, ते एरर दाखवून थांबायचं, म्हणून ती वरून बादलीने पाणी ओतायची. पांढरे कपडे पहिल्या पाण्यात भिजवायचे नाहीत. नळाला बांधलेलं फडकं दर दोन दिवसांनी सोडून धुवायचं. रात्री झोपण्याआधी पिंप भरून ठेवायचं, कारण सकाळच्या गर्दीत धार पुरत नाही. यातली एकही गोष्ट मोठी नव्हती. मी मोबाइलवर वेळ लावून मोजलं, तर सगळं मिळून दिवसाला साधारण चाळीस मिनिटं झाली. वर्षाला सुमारे २४० तास. आठ तासांची पाळी धरली, तर पूर्ण ३० दिवसांचं काम.

प्लंबरने सगळी लाइन बदलायचा खर्च सांगितला होता, फोडाफोड आणि फरशीसकट सव्वा लाख. त्यासमोर न बदलण्याचा खर्च आम्ही शून्य धरत होतो. बाबा म्हणत, ‘अजून पाच वर्षं सहज निघतील.’ पण वर्षं आपोआप निघत नाहीत, ती कुणीतरी ढकलत असतं. आमच्या घरात ती आई ढकलत होती, आणि तिच्या तीस दिवसांचा आकडा कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हता. पाण्याशी संबंधित कष्ट घरोघरी बायकांच्याच वाट्याला येतात, त्यामुळे ते कष्ट कुणाला खर्च वाटत नाहीत. ते घराच्या स्वभावाचाच भाग वाटतात.

इथवर प्रश्न सोपा वाटतो. आईला त्रास होतोय, तर पाइप बदला. अडचण अशी होती, की आईलाच ते नको होतं. ‘मला आता सवय झालीय रे,’ ती म्हणाली.

तुम्ही बाहेरगावी नोकरी करत असाल आणि आईवडील गावी राहत असतील, तर हे वाक्य तुम्ही ऐकलं असणार. त्याचं करायचं काय? अमर्त्य सेन यांनी एक मुद्दा सातत्याने मांडला आहे. दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसं जगता यावं म्हणून आपल्या अपेक्षाच छोट्या करून घेतात, त्यामुळे ‘त्यांची तक्रार नाही’ म्हणजे ‘त्यांचं बरं चाललंय’ असा अर्थ काढता येत नाही. सवय आणि संमती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे पटतं. पण यातच एक धोकाही आहे. एकदा का ‘तिला फक्त सवय झालीय’ असं आपण ठरवलं, की तिचं म्हणणं ऐकायची गरजच उरत नाही. शहरातून आलेला, पगार मिळवणारा मुलगा आईच्या घराबद्दल आईपेक्षा जास्त जाणतो, असा त्याचा अर्थ होतो. हाही एक प्रकारचा गंजच आहे.

मग मी तिला वेगळा प्रश्न विचारला. बदलायचं ठरलंच, तर तुला कशाची काळजी आहे? यादी लगेच आली. भिंती फोडल्यावर धूळ कोण काढणार? पंधरा दिवस प्यायचं पाणी कुठून आणायचं? सहा माणसांचा चहा दिवसातून तीनदा कोण करणार? स्वयंपाकघरातली जुनी फरशी फुटली तर तशी परत मिळेल का? आणि तू पुण्याला निघून गेल्यावर काही गळलं तर?

म्हणजे तिचा विरोध बदलाला नव्हता. बदलाचा सगळा राडाही आपल्याच अंगावर येणार, हे तिला अनुभवाने माहीत होतं. न बदलण्याची किंमत तीच भरत होती आणि बदलण्याचीही तीच भरणार होती. अशा वेळी माणूस ओळखीचं दुखणं निवडतो. यात अज्ञान काहीच नाही, चोख हिशोब आहे.

दरम्यान स्वस्तातला पर्याय होताच. जिथे गळतंय तेवढा तुकडा कापायचा आणि नवा बसवायचा. हे आम्ही आधी दोनदा केलेलं होतं. प्लंबरमामा मात्र तिसऱ्यांदा तयार नव्हते. ‘लावतो की नवा तुकडा, पर आधी त्योच जाणार बगा,’ ते म्हणाले. मला ही दुकानदारी वाटली, म्हणून शोधून पाहिलं, तर ते नेमकं बोलत होते. आतून गंज चढलेल्या जुन्या पाइपाला त्याच धातूचा कोरा पाइप जोडला, की पाण्याच्या साक्षीने दोघांत बॅटरीसारखा बारीक प्रवाह सुरू होऊ शकतो. या जोडीत जुना गंजका पाइप सुरक्षित बाजूला असतो आणि झिजायचं काम नव्याच्या वाट्याला येतं. म्हणून कित्येकदा नवा तुकडा जुन्याच्या आधी गळू लागतो. मग आपण म्हणतो, ‘हल्लीच्या मालात दमच नाही. जुना बघा, अजून कसा टिकून आहे.’

हे वाक्य पाइपांच्या आधी मी माणसांबद्दल ऐकलेलं आहे. कंपनीत एक जुनी सिस्टिम असते, तिला कुणी हात लावत नाही. नवीन आलेल्या मुलीला तिच्या ऑन-कॉलवर टाकतात. रात्री दोनला फोन, तिसऱ्या रात्री पुन्हा फोन. सहा महिन्यांत ती सोडून जाते, आणि मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, आजकालच्या मुलांमध्ये स्टॅमिना नाही. जुन्या घरात नवी सून येते, घराच्या सगळ्या न बोललेल्या गाठी तिने सांभाळायच्या असतात. तिला ते जमलं नाही, तर आजकालच्या सुनांना जमवून घेता येत नाही. जोडणी तपासायची सोडून आपण तुकड्याला नावं ठेवतो. ठिगळ लावण्यातला नैतिक प्रश्न मला इथे दिसतो. ठिगळ जुनी झीज थांबवत नाही, ती बऱ्याचदा नव्याच्या अंगावर ढकलतं. आणि नव्याला त्या जोडणीबद्दल कुणी विचारलेलं नसतं.

सॉफ्टवेअरमध्ये याला जवळचा एक शब्द आहे, टेक्निकल डेट. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये ही कर्जाची उपमा वापरली. घाईत काम उरकणं म्हणजे कर्ज काढणं, ते लवकर फेडलं तर चांगलं, नाहीतर व्याज चढतं. उपमा मार्मिक आहे, फक्त बँकेच्या कर्जाशी तिचा एक फरक आहे. बँकेत ज्याने कर्ज काढलं त्याच्याच खात्यातून हप्ता जातो, आणि जामीनदार व्हायला सांगितलं तर निदान त्याची सही घेतात. कोडमध्ये आणि पाइपांमध्ये कर्ज काढणारा दोन वर्षांत दुसरीकडे निघून जातो. हप्ते भरतो तो नंतर आलेला, ज्याची सही कुणी घेतलेलीच नसते.

याचा अर्थ ‘सगळं उखडा आणि नवं बसवा’ हे आपोआप योग्य ठरतं का? माझ्या पेशातल्या लोकांना तसं वाटण्याचा मोह फार असतो. नवं लिहायला मजा येते, जुनं वाचायला येत नाही. २००० साली जोएल स्पोल्स्की या प्रोग्रॅमरने नेटस्केप या ब्राउजरबद्दल एक लेख लिहिला होता, तो आजही आमच्या क्षेत्रात वाचला जातो. नेटस्केपने सगळं कोड पुन्हा मुळापासून लिहायचं ठरवलं, त्यात जवळपास तीन वर्षं गेली आणि तेवढ्यात बाजार हातातून निसटला. स्पोल्स्कींचा मुद्दा असा, की जुन्या कोडमधल्या कुरूप दिसणाऱ्या ओळी उगाच आलेल्या नसतात. त्यातली प्रत्येक ओळ कधीतरी कुणाला आलेल्या अडचणीचं उत्तर असते.

आमच्या घरातही तसंच निघालं. मागच्या बाजूला एक पाइप सरळ न जाता दोन एल्बो घालून उगाच वळसा घेत होता. नकाशा काढताना मी ती लाइन सरळ केली. बाबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, ‘ती भिंत आजोबांच्या वेळची आहे. आत दगड आहे, तिथे छिन्नी चालत नाही. तेव्हाही दोन दिवस घालवून मग वळवली होती.’ हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ज्याने ती लाइन टाकली तो मिस्त्री आता हयात नाही. बाबांची आठवण हेच त्या घराचं एकमेव डॉक्युमेंटेशन होतं. आणि ‘कशाला हात लावायचा’ म्हणणाऱ्या माणसाजवळच हात कुठे लावू नये याची माहिती होती. जुन्याचा बचाव करणाऱ्यांना आपण अडथळा समजतो, पण अनेकदा नव्याचा नकाशा त्यांच्याकडेच असतो.

अर्धवट बदलाचं सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र कराडचं नाही, अमेरिकेचं आहे. तिथल्या अनेक जुन्या शहरांत रस्त्याखालच्या मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतचा पाइप शिशाचा असे. शिसं विषारी, लहान मुलांच्या मेंदूला तर विशेष घातक. १९८६ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी नवे शिशाचे पाइप टाकायला तिथे बंदी आली, पण जमिनीखालचे जुने पाइप राहिले, कारण चालत होते. पाइपाच्या आत क्षारांचा एक पातळ थर बसतो आणि तो पाण्याला शिशापासून दूर ठेवतो. मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलला आणि गंज रोखणारं रसायन पाण्यात घातलं नाही. तो थर विरघळू लागला आणि शिसं लोकांच्या घरात, मुलांच्या रक्तात पोचलं. पाइप तेच होते. त्यांचं ‘चालणं’ कशाच्या जिवावर होतं, याकडे निर्णय घेणाऱ्यांनी लक्ष दिलं नाही.

यावर उपाय म्हणून पाइप बदलायचे, तर पुढचा पेच मालकीचा. अनेक शहरांत रस्त्यापासून हद्दीपर्यंतचा तुकडा पालिकेचा आणि हद्दीपासून घरापर्यंतचा घरमालकाचा. मग कित्येक ठिकाणी पालिकेने आपला अर्धा भाग बदलला, आणि ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याचा अर्धा तसाच राहिला. निम्मा धोका कमी झाला असेल असं आपल्याला वाटतं. झालं उलट. कापाकापीने जुन्या भागातले शिशाचे कण सुटतात, शिवाय नवं तांबं जुन्या शिशाला जोडलं की शिसं आणखी झिजतं. त्यामुळे पाण्यातलं शिसं काही आठवडे, कधी काही महिने, आधीपेक्षा वाढू शकतं. कागदावर प्रत्येकाने आपापली जबाबदारी पार पाडलेली असते, आणि पेल्यातलं पाणी जास्त विषारी झालेलं असतं. पाणी सातबारा बघून वाहत नाही.

न्यू जर्सीतल्या नेवार्क शहराने २०१९ पासून दुसरा मार्ग घेतला. मालकीची हद्द बाजूला ठेवून पूर्ण पाइप बदलायचा, घरमालकाकडून पैसे घ्यायचे नाहीत. तिथे बरेच लोक भाडेकरू होते आणि मालकांची परवानगी मिळवण्यात काळ गेला असता, म्हणून मालकाच्या सहीशिवाय काम करता येईल असा स्थानिक कायदाही केला. साधारण तीन वर्षांत सुमारे २३,००० पाइप बदलले. यात खाजगी मालमत्तेचा अधिकार थोडा मागे सरकला, हे खरंच आहे. पण जो पाणी पितो त्याचा हक्क, ज्याच्या नावावर पाइप आहे त्याच्या हक्काच्या पुढे ठेवला गेला. मला हा क्रम योग्य वाटतो.

हा क्रम आपल्याकडे रोज उलटा लागतो. सोसायटीत वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधली भिंतीतली लाइन पाझरते आणि ओल खालच्या फ्लॅटच्या छताला येते. वरच्याचं चालतंय, खालच्याचं गळतंय. मग पाइप सामाईक की सदस्याचा, या वादात पावसाळा निघून जातो आणि खालच्या घरातलं पोर बुरशीच्या वासात अभ्यास करत राहतं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये तर अकरा महिन्यांचा करार असतो. मालकाला वाटतं, राहतोय तो बघून घेईल. राहणाऱ्याला वाटतं, अकरा महिन्यांनी मी कुठे इथे असणार आहे? दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे. पाइप बदलायचं कारण मात्र दोघांकडेही नाही, म्हणून तो नंतर येणाऱ्या तिसऱ्याच्या डोक्यावर गळतो.

या सगळ्यातून मला तयार नियम मिळाला नाही. ‘नेहमी दुरुस्त करा’ किंवा ‘नेहमी बदला’ असं म्हणता येत नाही. पण दोन प्रश्न मात्र मिळाले. ‘चालतंय’ म्हणण्याआधी विचारायचं, कोण चालवतंय? आणि ‘बदलून टाका’ म्हणण्याआधी विचारायचं, धुळीत कोण राहणार? या दोन्हींचं उत्तर एकच माणूस असेल, तर निर्णयाचा पहिला शब्द त्या माणसाचा असायला हवा. आमच्याकडे तसं केल्यावर कामाचं स्वरूपच बदललं. भिंती शक्यतो फोडायच्या नाहीत, लाइन बाहेरून न्यायची, दिसली तर दिसू दे, उन्हात येणाऱ्या सीपीव्हीसी पाइपांना रंग मारायचा, असं आईने ठरवलं. आधी वरचा मजला, तो सुरू झाल्यावर खालचा, म्हणजे घर एकदम कोरडं पडणार नाही. प्रत्येक भागाला वेगळी चावी, म्हणजे एक नळ दुरुस्त करायला अख्खं घर बंद करावं लागणार नाही. आणि परसात कमरेच्या उंचीवर एक नळ, कारण तीस वर्षं ती तिथे वाकून बादली भरत होती. आम्हा दोघा पुरुषांच्या नकाशात हा नळ नव्हता. काम अकरा दिवस चाललं. मी घरून काम केलं. चहा आणि झाडलोट मी आणि बाबांनी वाटून घेतली.

शेवटच्या टप्प्यात मामांनी थोड्या ठिकाणी फोडलेल्या भिंती बुजवू दिल्या नाहीत. लाइनमध्ये पंपाने दाब भरला आणि रात्रभर तसाच ठेवला. बाबा घाई करत होते. मामा म्हणाले, ‘आत्ता गळलं तर दिसंल. प्लास्टर झाल्यावर कोण बघतंय?’ भिंतीआडच्या कामाचं नीतिशास्त्र बहुतेक एवढंच आहे. तपासायचं ते उघडं आहे तोवर तपासायचं, कारण बुजवल्यानंतर चांगलं काम आणि वाईट काम बाहेरून सारखंच दिसतं, आणि फरक कळेल तेव्हा आपण तिथे नसतो.

त्या रात्री प्रत्येक उघड्या भिंतीला टेप लावून मी फोटो काढले. जमिनीपासून किती उंचीवर पाइप आहे, सांधे कुठे आहेत, कुठली चावी कशाची, दगडी भिंत कुठून कुठवर, कामाचं वर्ष, असं सगळं एका कागदावर काढलं. हा कागद आमच्यासाठी नाही. हे पाइपही जुने होतील, तेव्हाही कुणीतरी म्हणेल, ‘चालतंय ना?’ आणि मग एक दिवस कुणीतरी छिन्नी घेऊन या भिंतीसमोर उभं राहील. ते कोण असेल हे आपल्याला माहीत नाही, कदाचित घर तेव्हा आमचं नसेलही. त्या माणसाचे आपण काही देणं लागतो का? मला वाटतं, लागतो, आणि ते फेडायला फार काही लागत नाही. कागद प्लास्टिकमध्ये घालून मीटरच्या पेटीत आतून चिकटवला आहे. चिकटवण्याआधी आईने खाली तिच्या अक्षरात एक ओळ वाढवली: ‘परसातली चावी घट्ट आहे, दोन्ही हातांनी फिरवावी.’